एकोणिसावा धूर

रामकृष्णहरी म्हणून झालं, देवाच्या कानावर घातलं. आता टाळ मांडीवर ठेवा आणि कान इकडं द्या. मंडळी, ऐका! ओ मागचे पागोटेवाले, तुम्हीसुद्धा — झोपायला घरी जागा मोप आहे!

आधी एक ओवी. ही कुठल्या पोथीतली नाही बरं, जात्यावर जुळलेली आहे, तेव्हा पोथीत शोधू नका —

आलं ते जाणार, धरशील किती ।
आपुलं मोडावं, आपुल्या हाती ॥

पहिली ओळ सगळ्यांना पाठ. तोंडानं सगळे म्हणतात, आणि घरी गेल्यावर कडीकोयंडा दोनदा तपासतात! अडते ती दुसरी ओळ.

मला सांगा, संपणाऱ्या गोष्टीला आपल्याकडं नावं किती? तात्पुरतं. हंगामी. कामचलाऊ. मुदतीचं. उसनं. घटकाभराचं. चार दिवसांचं. अळवावरचं पाणी. दोन यत्ता शिकलेल्या बाईला एवढी सुचली, मास्तरांना विचाराल तर उजाडेल! आणि न संपणाऱ्याला? एकच. त्याचं नाव आत्ता घेतलं आपण. बाकी सगळं जाणारं — हे सांगायला मी इथं उभी नाही, ते तुमच्या घरचा पाटा-वरवंटासुद्धा सांगेल झिजून झिजून. माझा सवाल निराळा आहे. "हे तात्पुरतं आहे" — हे म्हणायचं कुणी? ज्याचं आहे त्यानं, का शेजारच्यानं? आणि संपवायचं कुणाच्या हातानं?

हां! आता कसे सरसावून बसले! तर ऐका.

नदीकाठी एक भोयांची वस्ती होती. धरणं व्हायच्या आधीची गोष्ट. वस्तीत अठरा घरं. शेत कुणाला एक बिघा नाही. मग खायचे काय? तर वाळू! हसू नका. दिवाळी झाली की नदीचं पाणी ओसरायचं, पात्रात वाळू उघडी पडायची, आणि त्या वाळूत ही माणसं चर काढायची, तळाला शेणखत आणि गाळ भरायची, त्यात टरबूज लावायची. झिरा खणायचा, घागरीनं पाणी घालायचं. वाळूतच गवताची खोपी, खोपीपुढं तीन धोंड्यांची चूल. चैत्र-वैशाखात टरबुजं निघाली की असली गोड, की खाताना जिभेला दुसरं काही आठवू नये. आणि ज्येष्ठात? ज्येष्ठात वरच्या अंगाला पाऊस झाला की नदी यायची आणि सगळं घेऊन जायची. खोपी, चर, वेल — साफ! पुढल्या साली पुन्हा कोरी वाळू. जमीन सहा-सात महिन्यांची, मालकी सहा-सात महिन्यांची. कागद नाही, तलाठी नाही. केवढं सुख!

पण कागद नसला म्हणून कायदा नव्हता असं नाही. कायदे तीन होते, ते नीट ऐका, पुढं लागतील.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना वस्तीचे पंच हरिबा काठावरच्या उंचवट्यावर उभे राहायचे आणि वस्तीतले धूर मोजायचे. चुलीचे धूर! जेवढे धूर तेवढी घरं, जेवढी घरं तेवढे वाटे. मोजून झालं की ओंजळीत पाणी घ्यायचं, आकडा मोठ्यानं बोलायचा आणि पाणी नदीत सोडायचं. नदीला सांगितलेला आकडा फिरवायचा नाही. मग तेवढ्या खापऱ्या मडक्यात. कुणावर मासा काढलेला, कुणावर चंद्र, कुणावर कुऱ्हाड. वाळूत तशाच खुणेचे खुंट. हात घाला, खापरी काढा, आपला खुंट धरा. हा एक.

दुसरा — नदी येण्याआधी प्रत्येकानं आपली वाळूतली चूल आपल्या हातानं मोडायची. नदीकडून मोडून घ्यायची नाही, ते अशुभ. ज्याच्या हातानं चूल मोडली, त्या चुलीच्या वाट्यावर पुढल्या साली पहिला हक्क त्याचा. आणि तिसरा — वाळूतलं भांडण काठावर न्यायचं नाही. जे काय असेल ते वाळूत मिटवा, मग वर चढा. भांडण मिटेपर्यंत कुणीच चढायचं नाही. आपल्या गावात हा कायदा असता तर निम्मं गाव वाहून गेलं असतं! काय पाटील?

आता या वस्तीत अन्सा होती. अनसूया नाव, पण हाक अन्सा. रंभाजी भोयाची बहीण. लगीन झालेलं, आणि एका नागपंचमीला नवऱ्यानं, भागूजीनं, तिला माहेरी आणून सोडली. दारातनंच म्हणाला, "चार दिवस ऱ्हा. पाचव्या दिवशी न्यायला येतो." पाणीसुद्धा प्यायला नाही, एवढी घाई!

त्या गोष्टीला अकरा पंचम्या झाल्या.

भागूजी कुठं होता ते नदीच्या दोन्ही काठांना माहीत होतं. ऊसपट्ट्यात, दुसरी बाई करून. पण तोंडानं बोलायचं कुणी नाही. विचारलं की म्हणायचे, "येईल की, तात्पुरता गेलाय." अकरा वर्षं तात्पुरती! अन्सानं पहिल्या दिवशी आपलं बोचकं खुंटीवर टांगलं होतं. उद्या-परवा जायचंय, सोडायचं कशाला? ते टांगलेलंच. भावाच्या घरात तिला कोनाडा नाही, पेटी नाही. भावजय ठकूबाई तर जिभेची अशी, की लिंबालासुद्धा आंबट वाटावं. म्हणायची, "वन्सं, तुमचं काय, पाव्हण्याचं घर! आज हाईत, उद्या नाहीत." आणि एवढं बोलून शेणाची पाटी हातात द्यायची. पाव्हणी शेण भरते कुठं पाहिलंय का तुम्ही?

दर साली अन्सा हरिबांकडं जायची. "हरिबातात्या, मला एक खापरी द्या. मी दुसऱ्यांच्या वाट्यात खपते, माझ्या वाट्यात खपेन."

हरिबा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं परवडतात हो, त्यांच्याशी भांडता तरी येतं! तो मायेनं म्हणायचा, "पोरी, वाटा चुलीला असतो. तुझी चूल तुझ्या नवऱ्याच्या घरी. इथलं तुझं तात्पुरतं. तुला वाटा दिला आणि उद्या तो न्यायला आला, तर? धीर धर."

अन्सा धीर धरायची. वाळूत दुसऱ्यांचे चर भरायची, दुसऱ्यांच्या वेलाला पाणी घालायची. टरबूज कधी उतरवायचं हे तिला बोटाच्या टिचकीवर कळायचं. सगळी वस्ती तिला बोलवायची, "अन्से, जरा वाजवून बघ गं." ती वाजवायची. पिकलेलं कुठलं, कच्चं कुठलं, सांगायची. खायला बसायची वेळ आली की भावाच्या पंगतीत शेवटी.

मंडळी, झालं काय ते ऐका आता. बाराव्या साली त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री नणंद-भावजयीची जुंपली. कशावरनं? तव्यावरनं! अन्सानं भाकरी थापली ती ठकूबाईला जाड वाटली. बास. एवढं कारण पुरतं. नाही पुरलं तर आमच्यासारख्या बायका ते पुरवतात! ठकूबाई कडाडली, "माझ्या चुलीला दोन हात नकोत! उद्यापासनं तुमचं तुम्ही आंगणात तीन धोंडे मांडा न् शिजवा!"

रंभाजी काय म्हणाला? रंभाजी कधीच काही म्हणायचा नाही. त्यानं तंबाखू मळली.

पहाटे अन्सा उठली. आंगणात तीन धोंडे मांडले. तुराट्या घातल्या, फुंकर मारली. मनात काही डाव नव्हता बरं — मनात राग होता, आणि पोटात भूक. तुराट्या दवानं ओल्या. धूर झाला असा दांडगा, की सरळ आभाळाला दोरीसारखा लागला!

आणि काठावर हरिबा मोजतायत. "सोळा... सतरा... अठरा..." म्हातारे डोळे, पहाटेचं धुकं. "...एकोणीस." ओंजळ भरली, मोठ्यानं बोलले, "गंगामाय, औंदा एकोणीस चुली!" पाणी सोडलं.

बोलून झाल्यावर ध्यानात आलं. अठरा घरांची वस्ती, एकोणिसावा धूर कुणाचा? माणसं हुडकत आली, तर रंभाजीच्या आंगणात अन्सा भाकरी भाजत बसलेली. हरिबा म्हणाले, "अगं, हे काय?"

"भाकरी," अन्सा म्हणाली.

"ही चूल कुणाची?"

अन्सा काही बोलायच्या आत ठकूबाईच फणकारली, "माझी न्हाई! आपला संबंध न्हाई त्या धोंड्यांशी! तिची हाय ती, तिचीच!"

बघा! अकरा वर्षं जे हरिबाच्या मायेनं दिलं नाही, ते ठकूबाईच्या फणकाऱ्यानं देऊन टाकलं. म्हणून म्हणते, भांडखोर भावजयीला शिव्या देऊ नका. देव कुणाच्या तोंडून बोलेल, भरवसा नाही!

आकडा नदीला सांगितलेला. फिरवता येईना. एकोणीस खापऱ्या पडल्या मडक्यात. अठरा घरांनी काढल्या, एक राहिली. अन्सानं हात घातला. कासव निघालं. कासवाचा खुंट पार टोकाला, नदीच्या वळणावर. सगळ्यात खोल वाळू, सगळ्यात आधी पाणी येणार ती जागा. कुणीतरी हळूच म्हणालं, "तिथं काय पिकतंय?" हरिबा म्हणाले, "घे पोरी. पण ध्यानात ठेव, तात्पुरतं हाय."

अन्सा म्हणाली, "तात्या, सगळ्यांचंच ज्येष्ठापर्यंत हाय."

त्या दिवशी तिनं खुंटीवरचं बोचकं काढलं. गाठ इतकी बसलेली की दातानं सोडावी लागली. आत लग्नातलं पातळ, कसरीनं चाळण केलेलं. ती रडली का? नाही. ते पातळ तिनं वाळूतल्या खोपीच्या दाराला बांधलं, वारा अडवायला. चाळणीतून वारा कितीसा अडणार म्हणा! पण दार तिचं होतं.

मग काय खपली! चार हात चर जिथं पुरतो, तिथं सहा हात काढला. झिरा तिचा सगळ्यात लांब, दिवसाला साठ-साठ घागरी. वळणावरची ती खोल वाळू खाली गार निघाली. वैशाखाच्या उन्हात दुसऱ्यांचे वेल माना टाकायला लागले तेव्हा हिचे हिरवेगार. टरबुजं धरली मडक्याएवढी. ठकूबाई बघायला आली, एक उचलून म्हणाली, "बरी हाईत. बी जास्त असंल." आणि दोन घेऊन गेली. बी जास्त असताना!

आणि वैशाखाच्या शेवटाला, मंडळी — बरोबर ओळखलंत. टरबूज पिकल्यावर कोल्हा येतो. भागूजी आला.

वाळूतनं चालत आला, खांद्यावर घोंगडी. ऊसपट्ट्यातल्या बाईनं हाकललं होतं म्हणे. तिला लवकर कळलं, एवढंच! आला, खोपीपुढं बसला, म्हणाला, "अन्से, पाणी दे." जणू सकाळीच बाहेर गेला होता. अन्सानं दिलं. तहानलेल्याला पाणी नाकारू नये. तेवढी रीत तिला होती. तो प्यायला, टरबूज फोडून खाल्लं, मिशा पुसल्या.

"चार दिवसांचं जरा लांबलं," तो म्हणाला.

वस्तीला केवढा आनंद! हरिबा तर घाईनं आले. "बघ, मी सांगत नव्हतो? तात्पुरतंच होतं! आता सगळं मार्गी लागलं. औंदा चूल भागूजी मोडेल. म्हणजे पुढल्या साली वाटा त्याच्या नावानं. तू सुटलीस पोरी."

कशातनं सुटली, ते कुणी विचारलं नाही. तिनं एक टरबूज टिचकीनं वाजवून पाहिलं. महिना राहिला तो. खोपीत तो झोपायचा, ती खोपीबाहेर चरांच्या मधे. दुसऱ्या आठवड्यात तो लोकांना सांगायला लागला, "आमची वाडी. औंदा मी चर खोल घेतले." पाण्याची एक घागर उचलली नाही हो! पण बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या हाताला घट्टे पडावेत. ओळखीचं वाटतंय का कुणाला? नको, माना खाली घालू नका, मी नावं घेत नाही!

ज्येष्ठ सरत आला. एके दिवशी दुपारीच वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. वारं फिरलं, वाळूला ओला वास आला. काठावरनं हरिबांनी हाळी दिली, "चुली मोडाऽऽ!"

सगळी वस्ती वाळूत. ज्यानं त्यानं आपले तीन धोंडे पालथे केले, राख नदीच्या ओढीकडं उधळली. रडारड नाही, काही नाही. दर सालची गोष्ट. एक चूल, दोन चुली, अठरा झाल्या. राहिली कासवाची. भागूजी उठला, धोतर सावरलं, चारचौघांत घसा खाकरला आणि वाकला.

"हात लावू नका," अन्सा म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण वाळूत आवाज लांब जातो.

"अगं, मी मोडतो की. मी हाय ना आता."

"धोंडे तापलेले हाईत. तुम्हाला सवय न्हाई." आणि ती खाली बसली, आणि तिनं एक धोंडा ढकलला, दुसरा ढकलला, तिसरा ढकलला. राख ओंजळीत घेतली, सोडून दिली. पदराला हात पुसले. मग खोपीच्या छपरातनं एक काडी उपसली आणि हरिबांपुढं धरली.

पोरीबाळींनो, तुम्हाला ठाऊक नसेल. पंचांपुढं गवताची काडी नवरा-बायकोनं दोन टोकांनी धरायची आणि मोडायची. काडी मोडली की लगीन मोडलं. काडीमोड ती हीच! वकील नाही, तारीख नाही.

हरिबा दचकले. "अन्से, आज? ही काय वेळ हाय? नदी यायलीय!"

"नदीला दर सालची मुदत हाय, तात्या. ती येते, नेते, मोकळी होते. मला अकरा वर्षं मुदतच न्हाई. माझं तात्पुरतं सरंना. आज मी सरवते."

भागूजी हसला. "मी न्हाई धरत काडी. चला, वर चला, मग बघू घरी."

आणि तो काठाकडं चालायला लागला. पण वस्ती हलेना! आठवा कायदा — वाळूतलं भांडण काठावर न्यायचं नाही. मिटेपर्यंत कुणी चढायचं नाही. अठरा घरांची माणसं वाळूत उभी, डोक्यावर गाठोडी, काखेत लेकरं. वरच्या अंगाला गडगडलं. भागूजी एकटा काठाला लागला, चढायला पाय उचलला, तर वाटेत रंभाजी उभा. तोच, कधीच काही न म्हणणारा. आत्ताही काही म्हणाला नाही. तंबाखू मळत उभा राहिला, वाट अडवून.

"अरं, बाजूला हो की!"

रंभाजीनं चुना लावला.

पाण्याची पहिली जीभ वाळूतनं आली. पातळ, पिवळी, पुढं फेस आणि काटक्या. अन्सा जागची हलली नाही, काडी तशीच धरलेली. वाळू घोट्याशी भिजली. ठकूबाई किंचाळली, "अगं वन्सं, मरशाल की! माझ्या लेकरांला घेऊन उभी हाय मी हितं!"

"वहिनी, तुम्हीच म्हणालात, तिचीच चूल. आता हे मोडणंबी तिचंच," अन्सा म्हणाली.

हरिबांनी एकदा नदीकडं पाहिलं, एकदा अन्साकडं. म्हातारा माणूस, उभ्या जन्मात धूर मोजण्यात चुकला तो एकदाच. म्हणाला, "भागूजी, माघारी ये. टोक धर. अकरा वर्षं ती थांबली; नदी थांबत नसती."

काय करतो? अठरा घरं बघतायत, पाण्यानं घोटा धरलाय. आला. दोन बोटांनी टोक धरलं, जसं काही इंगळीची नांगीच धरतोय. काट्! एवढाच आवाज. आपली अर्धी काडी अन्सानं पाण्यात सोडली. दाराचं चाळणीचं पातळ तसंच ठेवलं, नदीला. आणि मागं न बघता काठावर चढली. मागनं सगळी वस्ती.

वर आल्यावर भागूजी भांबावून उभा. म्हणाला, "अन् आता मी जायचं कुठं?"

ठकूबाई म्हणाली, "जावा की कुठंबी! तात्पुरतं!"

विठ्ठल विठ्ठल! वाजवा रे पखवाज, एकदाच वाजवा!

घटकाभरात तिकडं वाळू नव्हती, खोपी नव्हती, वळण नव्हतं. लाल पाणी इकडून तिकडं. अन्साचं काय राहिलं? काही नाही. अंगावरचं लुगडं आणि हाताला राख. रंभाजीच्या पडवीत जाऊन तिनं पोटभर झोप काढली. बोचकं नव्हतं, खुंटी रिकामी होती. ठकूबाईनं त्या खुंटीवर दुसऱ्या दिवशी लसूण टांगला. कोनाडा मात्र एक रिकामा करून दिला, न बोलता. बोलली असती तर बिघडलं असतं.

पुढल्या त्रिपुरीला हरिबा उंचवट्यावर उभे राहिले. सोळा, सतरा, अठरा झाले. थांबले. लोकांना वाटलं, झालं. पण म्हातारा उभाच. धुक्यात रंभाजीच्या आंगणाकडं बघत उभा. धूर निघायला उशीर झाला, तुराट्या पुन्हा ओल्या असतील! मग निघाला. तेव्हा त्यानं ओंजळ भरली.

तर मंडळी, झाली गोष्ट. मी कथेतून काही घरी न्यायला दिलं नाही, असं कधी झालंय का?

तुम्ही डोळे पुसू नका. अन्सासाठी रडायचं काही कारण नाही, ती निजली सुखानं. तुम्ही आपलं घर आठवा. तुमच्या घरात कोण आहे "तात्पुरतं"? थोरल्याकडं दोन महिने, धाकट्याकडं दोन महिने अशी पिशवी घेऊन फिरणारी आई — तिची पिशवी कुठल्या खुंटीवर टांगलीय? नवऱ्यानं नांदवली नाही म्हणून आलेली बहीण? वीस वर्षं "हंगामी" म्हणून राबणारा गडी, ज्याची ताटली वेगळी ठेवता? त्यांना तुम्ही मायेनं म्हणता, "राहा की, सध्या." ते "सध्या" तुमच्या मालकीचं, आणि आयुष्य त्यांचं!

नदीनं वाळू नेली, तिला कुणी पापी म्हणत नाही. ती मुदतीला येते, तोंडावर सांगून नेते. पाप आपलं आहे. आपण दुसऱ्याचं संपूही देत नाही आणि सुरूही होऊ देत नाही.

तेव्हा उद्या तांबडं फुटलं की उठा, आपल्या घराबाहेर या, आणि धूर मोजा. नीट मोजा. एखादा उशिरा निघत असेल, तर ओंजळ भरायची घाई करू नका.

आलं ते जाणार, धरशील किती ।
आपुलं मोडावं, आपुल्या हाती ॥

म्हणा माझ्यासंगं, आणि दुसरी ओळ जरा मोठ्यानं. रामकृष्णहरी!